चार परिच्छेदांची जुनी बातमी: एका विद्यार्थी वृत्तपत्रातला निर्णय

कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थी वृत्तपत्राकडे एक विनंती आली: पाच वर्षांपूर्वीची बातमी काढून टाका. संपादक मंडळानं तिचं काय केलं आणि पुढे काय काय निस्तरावं लागलं, ते इथे मांडलं आहे. मी तेव्हा त्या वर्गात प्रौढ विद्यार्थिनी होते, कॉपी डेस्क, म्हणजे छापण्याआधी मजकूर तपासायचं काम, सांभाळत होते. मंडळात मला बोलायची मुभा होती, मत नव्हतं. कॉलेजची आणि माणसांची ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

कम्युनिटी कॉलेज म्हणजे अमेरिकेतल्या उच्चशिक्षणाचा सर्वांत स्वस्त आणि कुणालाही खुला असलेला भाग. प्रवेशाला टक्केवारी लागत नाही. पहिली दोन वर्षं इथे काढून तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जाणारे असतात, नर्सिंग किंवा वेल्डिंग शिकून थेट नोकरीला लागणारे असतात, आणि माझ्यासारखे, मुलं शाळेत गेल्यावर पुन्हा वह्या-पुस्तकं उघडणारेही असतात. कॅलिफोर्नियात अशी 116 सरकारी कॉलेजं आहेत. राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटमागे 46 डॉलर फी पडते, म्हणजे वृत्तपत्राचा तीन युनिटांचा वर्ग 138 डॉलरांत होतो.

वर्ग म्हणायचं कारण असं की, वृत्तपत्र हा इथे वेळापत्रकातला रीतसर विषय असतो. हजेरी लागते, ग्रेड मिळते. एक प्राध्यापिका सल्लागार असते. बाकी सगळं विद्यार्थी करतात: बातम्या ठरवणं, लिहिणं, फोटो, पानं लावणं, संकेतस्थळ चालवणं. आमची संपादक पहाटे कॉफीच्या दुकानात काम करून यायची. वृत्तसंपादक रात्रपाळीला एका गोदामात असायचा, त्यामुळे दुपारच्या बैठकीत त्याचे डोळे तारवटलेले असत. छायाचित्रकार माजी सैनिक होता, वयानं माझ्याच आगेमागे.

अशी माणसं दोन वर्षांत निघून जातात. न्यूजरूमची आठवण फार तर चार सेमिस्टरची. संकेतस्थळाला मात्र पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची बातमीही तोंडपाठ असते. हे प्रकरण उभं राहिलं ते या दोन आठवणींमधल्या अंतरातून.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. 1988 साली हेझलवूड खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं शाळेच्या वृत्तपत्रावर शाळेच्या व्यवस्थापनाला बरंच नियंत्रण दिलं. 2005 साली एका संघीय अपील न्यायालयानं तीच कसोटी सरकारी कॉलेजांनाही लागू होऊ शकते असं म्हटलं. ते न्यायालय इलिनॉय, इंडियाना आणि विस्कॉन्सिन या राज्यांचं. कॅलिफोर्निया त्यात येत नाही. तरी कॅलिफोर्नियानं सावध होऊन 2006 साली कायदा केला की, सरकारी कॉलेजांत विद्यार्थी वृत्तपत्रावर छापण्यापूर्वी बंदी घालता येणार नाही. 2008 साली आणखी एक केला: विद्यार्थ्यांच्या या हक्काची पाठराखण केली म्हणून सल्लागार प्राध्यापकावर कारवाई करता येणार नाही.

मी नाशिकला कॉलेजात असताना वार्षिकांकाच्या मंडळात होते. मजकूर प्राचार्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय छापखान्यात जात नसे आणि त्यात आम्हांला कुणाला काही वावगं वाटत नसे. त्यामुळे इथली सल्लागार बाई "मी सुचवू शकते, थांबवू शकत नाही" असं पहिल्याच तासाला म्हणाल्या, तेव्हा मला ती बोलण्याची पद्धत वाटली होती. ती पद्धत नव्हती, हे या प्रकरणात दिसलं.

अडचण

मार्च महिन्यात वृत्तपत्राच्या सामायिक पत्त्यावर एक ईमेल आला. पाठवणारी कॉलेजची माजी विद्यार्थिनी. पाच वर्षांपूर्वी तिच्याबद्दल आम्ही (म्हणजे तेव्हाच्या कुणीतरी) एक बातमी दिली होती. तिचं नाव गूगलवर टाकलं की सर्वांत वर तीच बातमी येते, ती काढावी, अशी विनंती.

मी बातमी उघडून वाचली. पहिल्या परिच्छेदात नाव, वय, राहण्याचं गाव. आपल्याकडच्या दैनिकांतल्या "अमुक तमुक (वय 19, रा. अमुक)" या साच्यातलीच सुरुवात. दुसऱ्यात, कॉलेजच्या पुस्तकांच्या दुकानातून दोन पाठ्यपुस्तकं पैसे न देता नेल्याच्या संशयावरून कॅम्पस पोलिसांनी तिला अटक केल्याचं. तिसऱ्यात पुस्तकांची किंमत, चारशे डॉलरांच्या आत. (कॅलिफोर्नियात 950 डॉलरांपर्यंतची चोरी सहसा किरकोळ गुन्ह्यात मोडते.) चौथ्यात पोलिसांचं ठरलेलं वाक्य: तपास चालू आहे. तपासाचं पुढे काय झालं, यावर पाच वर्षांत एक ओळ नाही.

आणि मथळा होता: "विद्यार्थिनीनं दुकानातून पुस्तकं चोरली".

खालच्या मजकुरात "संशय", वर सरळ "चोरली". कॉपी डेस्कवर बसणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा येईल असा हा फरक. मजकूर एकानं लिहिला असणार, मथळा रात्री उशिरा दुसऱ्यानं दिला असणार, आणि मधली पायरी कुणी चढलंच नसणार.

ईमेलमधला पुढचा भाग महत्त्वाचा. जिल्हा सरकारी वकिलांनी तिच्यावर आरोप दाखलच केला नव्हता. पुढे तिनं न्यायालयात अर्ज करून अटकेची नोंद सीलबंद करून घेतली होती. 2018 पासून कॅलिफोर्नियात तशी सोय आहे: अटक होऊन दोष सिद्ध झाला नाही तर नोंद सील करून मागता येते आणि कायद्याच्या दृष्टीनं ती अटक झालीच नाही असं धरलं जातं. तिनं आदेशाची प्रतही जोडली होती. ती आता दंतवैद्याच्या दवाखान्यात स्वागतकक्षातली नोकरी शोधत होती. तिथे रोकड हाताळावी लागते. एका मुलाखतीत समोरच्या बाईंनी तिच्यासमोरच फोनवर ही बातमी उघडली, असं तिनं लिहिलं होतं.

ईमेलची एक प्रत डीनकडे गेली होती. डीनचा सल्लागार बाईंना निरोप आला की, एवढं काय, एका मिनिटाचं काम आहे, काढून टाका.

पहिला निर्णय: ठरवायचं कुणी

खरोखर एका मिनिटाचंच काम होतं. संकेतस्थळाच्या मुख्य खात्याचा पासवर्ड बाईंकडे होता. बातमी पुसली गेली असती तर कुणाला कळलंही नसतं. त्या वेळच्या मंडळातलं कुणी कॉलेजात उरलेलं नव्हतं. हेतूही वाईट नव्हता. डीनना त्या मुलीची दया आली होती.

बाईंनी डीनना दोन ओळींत उत्तर पाठवलं की, हा मजकूर विद्यार्थ्यांचा आहे, निर्णयही तेच घेतील. मग आम्हांला बोलावून ईमेल वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "काढा नाहीतर ठेवा. मला फक्त कारण लिहून हवंय, पुढच्या वर्षीच्या मुलांना वाचता येईल असं."

मला तेव्हा हे जरा ताठर वाटलं होतं. आता वाटत नाही. डीननी चांगल्या हेतूनं बातमी काढायला सांगितली आणि ती निघाली, तर पुढच्या वेळी कॉलेजच्या खर्चावरची बातमी काढायला सांगताना याच उदाहरणाचा दाखला दिला जातो. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो.

दुसरा निर्णय: खरं-खोटं कसं पाहायचं

वृत्तसंपादकाचं म्हणणं होतं की तिनं पाठवलेल्या पीडीएफवर विसंबून चालणार नाही. बरोबरच होतं. त्यानं न्यायालयाच्या लिपिकाला फोन केला. उत्तर आलं: अशी कुठलीही नोंद नाही.

इथे सगळे थोडा वेळ गोंधळले. नोंद सीलबंद झाली असेल तर न्यायालय "नोंद नाही" असंच सांगणार. आणि ती मुलगी खोटं बोलत असेल तरी उत्तर तेच येणार. म्हणजे ज्या कागदानं तिची बाजू सिद्ध होते, त्याच कागदामुळे ती बाहेरून तपासायची वाट बंद होते.

मग दोन गोष्टी केल्या. तिला व्हिडिओ कॉलवर मूळ आदेश दाखवायला सांगितला. शिक्का, आदेशाचा क्रमांक, तारीख संपादकानं आणि वृत्तसंपादकानं दोघांनी पाहिली. दुसरं, कॅम्पस पोलिसांची दैनिक गुन्हे-नोंदवही मागितली. 1990 च्या क्लेरी कायद्यानं ज्या कॉलेजांची स्वतःची पोलीस किंवा सुरक्षा यंत्रणा आहे त्यांना अशी नोंदवही ठेवावीच लागते. गेल्या 60 दिवसांची कुणालाही लगेच पाहता येते, त्याआधीची मागितल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत दाखवावी लागते. पाच वर्षांपूर्वीची ओळ सापडली: प्रकार, तारीख, ठिकाण, आणि शेवटच्या रकान्यात प्रकरण सरकारी वकिलांकडे पाठवल्याची नोंद. त्यापुढे काही नाही. तिच्या सांगण्याशी हे जुळत होतं.

कायद्याचा एक काटा होता. नोंद सील करण्याच्या त्याच कायद्यात, सीलबंद अटकेची माहिती पसरवणाऱ्याला 500 ते 2,500 डॉलरांच्या दिवाणी दंडाची तरतूद आहे. वृत्तपत्रानं कायदेशीर मार्गानं मिळवून छापलेल्या खऱ्या माहितीला ती लावणं अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीत (वृत्तपत्रस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या) बसतं का, हा वादाचा मुद्दा आहे. आमच्यातल्या कुणाला तो सोडवता येणार नव्हता. 1974 पासून विद्यार्थी पत्रकारांना फुकट कायदेशीर सल्ला देणारं स्टुडंट प्रेस लॉ सेंटर आहे, तिथे प्रश्नांची यादी पाठवली. बोलण्याचा तपशील गोपनीय, पण त्यानंतर मंडळाची एवढी खात्री झाली की, घाबरून पुसायचं कारण नाही आणि घाबरून ठेवायचंही नाही. बदनामीच्या दाव्याची एक वर्षाची मुदत केव्हाच टळली होती, आणि बातमी संकेतस्थळावर राहिली म्हणून ती रोज नव्यानं प्रसिद्ध होते असं कॅलिफोर्नियात मानत नाहीत. थोडक्यात, कायद्यानं हात मोकळे होते. त्यामुळे निर्णय सोपा झाला असं मात्र नाही. "वकील म्हणाले" ही पळवाट तेवढी बंद झाली.

मथळा आधी

या टप्प्यावर संपादकानं एक गोष्ट वेगळी काढली, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला तो सर्वांत नेमका निर्णय होता. ती म्हणाली, मथळा चुकीचा आहे. तो कुणी विनंती केली म्हणून नव्हे, चुकीचा आहे म्हणून दुरुस्त करायचा, आणि आजच. मुलीची विनंती मान्य होवो न होवो.

मथळा बदलून "पुस्तकचोरीच्या संशयावरून विद्यार्थिनीला अटक" असा केला आणि खाली दुरुस्तीची नोंद टाकली: आधीच्या मथळ्यात गुन्हा सिद्ध झाल्यासारखं विधान होतं. वृत्तसंपादक कुरकुरला, की पाच वर्षांनी दुरुस्ती छापणं हास्यास्पद दिसतं. दिसतं खरं. पण दुरुस्तीला मुदत नसते.

पर्याय

मग मुख्य प्रश्नाची बैठक झाली आणि ती लांबली. पिझ्झा मागवावा लागला, यावरून काय ते समजा.

वृत्तसंपादक ठेवण्याच्या बाजूनं होता. अटक झाली होती, हे खरं आहे. तेव्हाच्या बातमीदारानं पोलिसांकडून रीतसर नाव घेतलं. जुना अंक हा त्या काळाचा दस्तऐवज आहे आणि आजच्या सोयीनं तो खरवडायचा नसतो. आज हिचं नाव काढलं, तर उद्या विद्यार्थी संघटनेचा एखादा माजी पदाधिकारी रांगेत उभा राहील. (तो राहिलाही. पुढे येतं ते.)

याच्या अगदी उलट टोकाला छायाचित्रकार. त्याचं म्हणणं सरळ होतं: सगळी बातमी उडवा. दोन पुस्तकं, दाखल न झालेला आरोप, आणि पाच वर्षं. यात वाचकाच्या हिताचं काय उरलंय? त्याला उत्तर देणं सोपं नव्हतं. संपादकानं दिलं ते असं, की बातमी पूर्ण गायब केली तर त्या वर्षी कॅम्पस पोलीस किरकोळ चोरीत अटका करत होते ही गोष्टही गायब होते. उद्या कुणाला त्यावरच बातमी करायची असेल तर?

मधले तीन मार्ग होते. एक, नाव ठेवून वर ठळक अद्ययावत नोंद टाकायची की आरोप दाखल झाला नाही. पत्रकारितेच्या दृष्टीनं हा सर्वांत स्वच्छ, आणि दुसऱ्या कुठल्या प्रकरणात मी त्याच्याच बाजूनं बोलले असते. पण गूगलच्या यादीत मथळा आणि पहिली ओळ दिसते, नोंद दिसेलच असं नाही. मुलाखत घेणारी बाई तिथवर जाईल का? दोन, बातमी जशीच्या तशी ठेवून शोधयंत्रांना ते पान यादीत घेऊ नका अशी सूचना पानाच्या कोडमध्ये टाकायची. तांत्रिकदृष्ट्या सोपं, पण वृत्तसंपादकालाच ते सर्वांत जास्त खटकलं: म्हणजे आपण बातमीची जबाबदारी घेणार, आणि ती कुणाला सापडू नये याचीही व्यवस्था करणार! तीन, बातमी ठेवायची, नाव काढायचं, आणि नाव काढल्याचं खाली उघड लिहायचं.

मोठ्या वृत्तपत्रांनी काय केलं तेही वाचलं होतं. क्लीव्हलँड डॉट कॉमनं 2018 मध्ये किरकोळ गुन्ह्यांच्या जुन्या बातम्यांतून नावं काढण्याचे अर्ज घ्यायला सुरुवात केली. बॉस्टन ग्लोबनं 2021 मध्ये तसाच उपक्रम आणला. त्याच वर्षी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं जाहीर केलं की, किरकोळ गुन्ह्यांच्या ज्या छोट्या बातम्यांचा पाठपुरावा होण्याची शक्यता नाही, त्यांत यापुढे संशयितांची नावं देणार नाही. या तिसऱ्या उदाहरणावर खोली जरा गप्प झाली. असोसिएटेड प्रेससारख्या संस्थेला पाठपुरावा परवडत नाही, तर ज्या न्यूजरूममधली अख्खी माणसं दोन वर्षांत बदलतात तिनं नाव छापावंच का?

मंडळानं पाच विरुद्ध दोन मतांनी तिसरा मार्ग घेतला. विरोधातलं एक मत वृत्तसंपादकाचं, दुसरं छायाचित्रकाराचं. दोघं परस्परविरुद्ध कारणांनी एका बाजूला गेले. त्याआधी संपादकानं एक अट घातली होती, ती मला फार आवडली: आधी निकष लिहायचे, मग या मुलीचं प्रकरण त्यांत बसतं का पाहायचं. निकष असे ठरले की गुन्हा किरकोळ असावा, हिंसा नसावी, व्यक्ती तेव्हा कुठल्या पदावर नसावी, निकालाचा कागद दाखवता यावा, आणि बातमीला काही काळ लोटलेला असावा. किती काळ, यावर अर्धा तास गेला आणि शेवटी तीन वर्षं हा आकडा केवळ कंटाळ्यानं मान्य झाला.

प्रत्यक्ष काम

नाव काढणं म्हणजे चार परिच्छेदांत दोन ठिकाणी खोडणं, असं आम्हांला वाटलं होतं.

मजकुरातून नाव गेलं. खाली टीप टाकली. टिपेच्या पहिल्या खर्ड्यात "त्या वेळी 19 वर्षांची, अमुक गावची, दंत-आरोग्य अभ्यासक्रमाची विद्यार्थिनी" असं होतं. त्या अभ्यासक्रमात वर्षाला मोजकीच मुलं असतात. नाव काढून पत्ता दिल्यासारखंच ते. कॉपी डेस्कवर ते अडलं आणि वय, गाव, अभ्यासक्रम तिन्ही गेले, मूळ बातमीतूनसुद्धा.

दोन दिवसांनी तिचाच ईमेल आला: आभारी आहे, पण अजून दिसतंय. पाहिलं तर पानाच्या पत्त्यातच तिचं नाव होतं. आमचं संकेतस्थळ ज्यावर चालतं त्या वर्डप्रेस प्रणालीमध्ये बातमी पहिल्यांदा साठवताना जो मथळा असतो त्यावरून पत्ता तयार होतो, आणि बातमीदारानं खर्ड्याचा मथळा म्हणून तिचं नावच टाकलं असणार. पत्ता बदलला. पण प्रसिद्ध झालेल्या बातमीचा पत्ता बदलला तरी वर्डप्रेस जुना पत्ता लक्षात ठेवतं आणि वाचकाला गुपचूप नव्या पानावर नेऊन सोडतं. म्हणजे जुन्या पत्त्यातलं नाव आमच्या "निनावी" बातमीपर्यंत बोट धरून आणत होतं. ती जुनी नोंद डेटाबेसमधून काढावी लागली. मग टॅगच्या यादीत नाव सापडलं. मग वृत्तपत्राच्या समाजमाध्यमावरच्या खात्यावरची पाच वर्षं जुनी पोस्ट. शेवटी गूगलच्या यादीत जुना मजकूर दिसत राहू नये म्हणून, बदललेल्या पानांची नोंद ताजी करायला सांगण्याची जी सोय गूगलनं दिली आहे ती वापरली.

छापील अंक हा वेगळाच गुंता. हीच बातमी पोलीस-नोंदींच्या स्तंभात छापून आली होती आणि त्या अंकाची पीडीएफ संकेतस्थळावर होती, नाव शोधता येईल अशा स्वरूपात. पीडीएफवर काळी पट्टी मारायची कल्पना निघाली आणि एकमतानं फेटाळली गेली. छापलेला अंक बदलायचा नाही. पण ती फाइल शोधयंत्रांनी यादीत घेऊ नये अशी सूचना टाकली. बैठकीत ज्या उपायाला नाकं मुरडली तोच इथे वापरला, हे वृत्तसंपादकानं लक्षात आणून दिलंच. संपादक म्हणाली, "पानात आपण बदल केलाय आणि तो उघड सांगितलाय. अंकात बदल करता येत नाही. दोन्हीकडे एकच औषध चालणार नाही." मला हे पूर्ण पटलेलं नाही, पण याहून बरं काही सुचलंही नाही.

ग्रंथालयातले बांधीव अंक जसेच्या तसे राहिले. संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हवरची जुन्या पानाची प्रत आमच्या हातात नाही, हेही तिला स्पष्ट कळवलं.

परिणाम

काही आठवड्यांनी तिच्या नावाच्या शोधातून आमचं पान गेलं. तिला नोकरी लागली का, ते आम्हांला माहीत नाही. विचारायचा आमचा संबंधही नव्हता.

निकषांची खरी परीक्षा एप्रिलमध्ये झाली. विद्यार्थी संघटनेच्या एका माजी पदाधिकाऱ्याची तशीच विनंती आली. संघटनेच्या पैशांच्या हिशेबावर बातमी झाली होती, त्यानं राजीनामा दिला होता, आणि आता त्याला कायद्याच्या शिक्षणाला प्रवेश हवा होता. ईमेल पहिल्या ईमेलपेक्षा कितीतरी चांगला लिहिलेला होता. त्यात "नवी सुरुवात" होती, आमच्या आधीच्या निर्णयाचा उल्लेखही होता. मंडळाला पंधरा मिनिटंही लागली नाहीत: तो पदावर होता, पैसा विद्यार्थ्यांचा होता, बातमीत चूक दाखवता आली नाही. नकार. या नकाराचा खर्डा वृत्तसंपादकानं लिहिला, आणि आधीच्या निर्णयाला विरोध करूनही निकषांचा हवाला त्यानंच सगळ्यांत व्यवस्थित दिला.

सेमिस्टर संपायच्या आत दुसरा नियम झाला, आणि तो जुन्या बातम्यांविषयी नव्हता. यापुढे किरकोळ गुन्ह्यात संशयिताचं नाव द्यायचं नाही. कॅम्पसवर कुणाला धोका असेल किंवा व्यक्ती पदावर असेल तर द्यायचं, पण मग प्रकरण निकाली निघेपर्यंत पाठपुरावा करायचा, आणि तो कोण करणार याचं नाव बातमी प्रसिद्ध होण्याआधी तक्त्यात लिहायचं.

वेगळं काय करता आलं असतं

निकष आधी लिहिलेले असते तर ती मुलगी महिनाभर लटकली नसती. मधल्या वसंत-सुट्टीत तर आठवडाभर कुणी तिचा ईमेल उघडलाही नव्हता. "मिळाला, पाहतोय, अमुक दिवसांत कळवू" एवढं उत्तर पहिल्याच दिवशी जायला हवं होतं.

तांत्रिक यादीही आधी करायला हवी होती. पत्ता, टॅग, फोटोच्या फाइलचं नाव, समाजमाध्यमावरच्या पोस्ट, पीडीएफ. पहिल्या फेरीत अर्धं काम करून आपण तिला "झालं" असं कळवलं, आणि उरलेलं तिनं शोधून दिलं. आता ही यादी न्यूजरूमच्या भिंतीवर लावलेली आहे.

मूळ बातमीच्या वेळी काय करता आलं असतं, याला फार मोठं उत्तर नाही. तीन महिन्यांनी सरकारी वकिलांच्या कार्यालयाला एक फोन. आरोप दाखल झाला नाही, एवढी एक ओळ तेव्हाच जोडली असती, तर पाच वर्षांनी न्यायालयाचा आदेश व्हिडिओवर दाखवायची वेळ तिच्यावर आली नसती. पण ती बातमी मे महिन्यातली होती. तीन महिन्यांनी ऑगस्ट. मधल्या काळात वर्ग नाही, बातमीदार दुसऱ्या विद्यापीठात गेलेला.

हीच अडचण आजही तशीच आहे. पाठपुराव्याच्या तक्त्यात नाव लिहिलं जातं, पण उन्हाळ्यात ते नावच कॉलेजात नसतं. तक्ता बाईंनी सांभाळावा असा प्रस्ताव आला, तो खुद्द बाईंनी नाकारला: कुठल्या प्रकरणाचा पाठपुरावा करायचा हे त्यांनी ठरवायला लागणं म्हणजे मागच्या दारानं संपादन. सध्याची सोय एवढीच की, ऑगस्टमध्ये येणाऱ्या नव्या संपादकानं पहिल्या आठवड्यात तो तक्ता उघडायचा आणि प्रत्येक ओळीसाठी एक फोन करायचा. जूनमध्ये कुणी विनंती पाठवली, तर तिला उत्तरही ऑगस्टमध्येच जातं. निदान तसं सांगणारा स्वयंचलित ईमेल आता लगेच जातो.